सरकारने खर्चाला कात्री लावली की भरतीचं, पगाराचं आणि गावातल्या दवाखान्याचं नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे की राज्य सरकारकडे पैसे नाहीत, खर्चात कपात चालू आहे अशा बातम्या सारख्या येतायत, मग भरती थांबणार का, जे नोकरीत आहेत त्यांचे पगार अडकणार का आणि सामान्य माणसाला मिळणाऱ्या सेवांवर काय फरक पडतो. माझी सगळी नोकरी लेखा शाखेत गेली, आधी कोषागारात बिलं तपासण्यात आणि नंतर जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात, त्यामुळे हे सगळं मी कागदाच्या बाजूने रोज बघितलंय. महाराष्ट्रापुरतं बोलतो आणि जरा सविस्तरच लिहितो, कारण अर्धवट उत्तराने पोरं घाबरतात तरी किंवा उगाच निर्धास्त तरी होतात.

आधी हे लक्षात घ्या की आपल्याकडे कपात म्हणजे कुणाला घरी पाठवणं असं होत नाही. तिजोरीत पैसे नाहीत म्हणून कायम कर्मचाऱ्याला काढून टाकलं असं तुम्हाला सहसा सापडणार नाही. आपल्याकडे होतं काय तर जागा भरली जात नाही. माणूस 58 पूर्ण करतो, ऑफिसात शाल श्रीफळ होतं, दोन भाषणं होतात आणि सोमवारी त्याच्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्याकडे जातो. आदेशात लिहिलेलं असतं 'पुढील व्यवस्था होईपर्यंत', आणि ती पुढील व्यवस्था वर्षानुवर्षं होत नाही. राज्य सरकारची मंजूर पदं सात लाखांच्या वर आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश रिकामी असल्याचं सरकारच्याच आकडेवारीतून पुढे आलं होतं. कुठलाही मोर्चा नाही, कुणाची नोकरी गेली नाही, बातमी नाही, तरी तीन माणसांचं काम दोन माणसं करतायत. कपात म्हणतात ती हीच.

आता कात्री पगारावर का चालत नाही आणि मग चालते कुठे हे बघू. 2025-26 चं बजेट 7 लाख 20 कोटींचं होतं, म्हणजे सात लाख कोटी आणि वर वीस कोटी. त्यात महसुली जमा धरली होती 5 लाख 60 हजार 964 कोटी आणि महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी, तूट 45 हजार 891 कोटी. याचा साध्या भाषेत अर्थ असा की रोजचा खर्च चालवायलाच कर्ज काढावं लागणार हे बजेट मांडतानाच दिसत होतं. त्या जमेतला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि व्याजात जातो. हे तिन्ही खर्च कोणी मंत्री थांबवू शकत नाही, वेतनवाढ जुलैत लागणार म्हणजे लागणार, महागाई भत्ता उशिरा का होईना द्यावाच लागतो, आणि व्याज चुकवलं तर उद्या कर्ज मिळणार नाही. कर्ज किती काढायचं यावरही केंद्राची मर्यादा आहे. 2017 पासून जीएसटी आल्याने राज्याला स्वतःचा कर वाढवायला जागा फार थोडी राहिली, मुद्रांक शुल्क, दारू, पेट्रोल डिझेलचा व्हॅट, गाड्यांचा कर मुख्यतः एवढंच, आणि जीएसटीची नुकसानभरपाई पण जून 2022 ला संपली.

त्यामुळे नवीन मोठी योजना आली की तिची जागा करायला उरलेल्या निम्म्या भागातच कापावं लागतं. लाडकी बहीण योजनेला 2025-26 मध्ये 36 हजार कोटी ठेवले होते, म्हणजे जमेच्या शंभर रुपयांतले साधारण साडेसहा रुपये. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, दीड हजार रुपये आले की खेड्यातल्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा येतो हे मला दिसतं आणि ते मोलाचं आहे. पण हिशेब हिशेब असतो. मे 2025 मध्ये याच योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाचा निधी वळवला तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. एक रुपयात पीक विमा 2023 च्या खरिपाला सुरू झाला आणि 2025 ला बंद झाला. सणाला शंभर रुपयांत मिळणारा आनंदाचा शिधा 2025 च्या गणपती दिवाळीला मिळाला नाही. या निदान दिसणाऱ्या गोष्टी आहेत, लोक बोलतात तरी. न दिसणारी कपात त्याहून मोठी असते आणि ती मार्चच्या भाषणात नसतेच.

ती कुठे असते तर निधी वितरणात. बजेट विधिमंडळात मंजूर झालं म्हणजे पैसा आला असा लोकांचा समज असतो, आमदारांचाही असतो. प्रत्यक्षात मंजूर तरतूद ही फक्त खर्चाची परवानगी असते, पैसा येतो बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या ऑनलाईन प्रणालीवर, टप्प्याटप्प्याने, वित्त विभाग सोडेल तेवढाच. खर्चाच्या प्रत्येक बाबीला एक क्रमांक असतो, त्यात पगाराच्या 01 वेतन या बाबीवर निधी येतो. पण 06 दूरध्वनी वीज पाणी, 11 प्रवास खर्च, 13 कार्यालयीन खर्च, 21 सामग्री व पुरवठा, दुरुस्ती, बांधकाम, यावर कधी चाळीस टक्के येतो कधी साठ, उरलेला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येईल असं सांगतात, आणि त्याच्या आधी फेब्रुवारीत नवीन खरेदी करू नका असं परिपत्रक आलेलं असतं. म्हणजे भाषणात तरतूद शंभर, बीम्सवर आले पन्नास, आणि त्यातलेही शेवटचे वीस अशा वेळी की खर्चच करता येत नाही. वर्षअखेर ते परत जातात आणि पुढच्या वर्षी वरून विचारणा होते की तुमचा खर्च झाला नाही मग तरतूद कशाला पाहिजे.

उघड उघड कपात एकदाच बघितली ती कोविडमध्ये. मार्च 2020 चा पगार टप्प्यात दिला, गट अ आणि ब ला पहिल्यांदा 50 टक्के, गट क ला 75 टक्के, गट ड ला पूर्ण. नंतर 4 मे 2020 चा वित्त विभागाचा जीआर म्हणजे शासन निर्णय आला की कार्यक्रमांवर फक्त 33 टक्के निधी मिळेल, नवीन काम नाही, आणि आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवीन पदभरती नाही. त्या वेळी कारण खरं होतं, कुणाची तक्रार नव्हती. पण अडकलेला पगार नंतर मिळाला, महागाई भत्ताही पुन्हा वाढला, फक्त गोठवलेल्या काळाचा फरक मिळाला नाही, थांबलेली भरती मात्र भरून निघाली नाही, कारण भरती दोन वर्षं थांबली तरी रिटायर होणं थांबत नाही आणि पोरांचं वय पण थांबत नाही. खुल्या वर्गाला 38 आणि राखीवला 43 ही मर्यादा आहे, त्यात दोन वर्षं म्हणजे किती याची कल्पना अभ्यास करणाऱ्यालाच असते. मार्च 2019 ला जिल्हा परिषदांची जाहिरात आली होती, पोरांनी फॉर्म भरले, फी भरली, परीक्षा झालीच नाही, शेवटी ती रद्द करून फी परत करायची वेळ आली. पुढची जाहिरात आली ऑगस्ट 2023 ला, 19 हजार 460 जागांची. मधल्या चार साडेचार वर्षांत ज्यांचं वय गेलं त्यांच्यासाठी दोन वर्षांची सवलत दिली होती, ती सगळ्यांना पुरली नाही. त्याच वर्षी तलाठ्याच्या 4 हजार 644 जागांना दहा लाखांच्या वर अर्ज आले. यावरून पोरांची अवस्था समजून घ्या.

आता सेवेचं सांगतो, आणि हे मी मुद्दाम सावकाश सांगणार आहे कारण माझ्या मते खरा घात इथे होतो. प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या, पीएचसी. साधारण तीस हजार लोकांना एक, आदिवासी भागात वीस हजारांना. तिथे औषध निर्माण अधिकारी म्हणजे फार्मासिस्टचं एक पद असतं. तो रिटायर झाला आणि पद भरलं नाही. आता औषधं कोण देणार तर सिस्टर. ती बिचारी ओपीडी बघते, डिलिव्हरी बघते, लसीकरणाचे दिवस सांभाळते, आणि मधल्या वेळात खिडकीवर गोळ्या देते. गोळ्या दिल्या जातात पण रजिस्टरला आणि ऑनलाईन नोंद करायला वेळ नसतो, ती महिन्याच्या शेवटी अंदाजाने होते आणि कमीच होते. आता पुढच्या वर्षीची औषधांची मागणी कशावर ठरते तर मागच्या वर्षीच्या वापरावर. नोंदीत वापर कमी दिसला की पुरवठा कमी येतो. पुरवठा कमी आला की पेशंटला बाहेरची चिठ्ठी लिहून द्यावी लागते. दोनदा बाहेरची चिठ्ठी मिळाली की माणूस तिसऱ्यांदा पीएचसीला येत नाही, सरळ तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे जातो, पाचशे-हजार रुपये घालवतो. ओपीडी घसरली. मग कधीतरी पद भरायचा प्रस्ताव वर जातो आणि शेरा येतो की सदर केंद्राची ओपीडी कमी आहे, पदाची निकड दिसून येत नाही. मी असे शेरे असलेल्या फायली हाताळल्यात. कुठेही कुणी खोटं लिहिलेलं नसतं, प्रत्येक आकडा कागदावर बरोबर असतो.

त्याच पीएचसीचं लाईट बिल घ्या. लसी ठेवायला तिथे आयएलआर नावाचा खास फ्रिज असतो, दोन ते आठ डिग्रीत लस राहिली पाहिजे. वीज देयकाच्या बाबीवर निधी नाही आला की बिल थकतं, महावितरणची नोटीस येते, आणि डॉक्टर रुग्ण कल्याण समितीच्या थोड्याशा पैशातून ते भरतो. ते पैसे खरं तर पेशंटसाठी किरकोळ औषधं, सलाईन, ड्रेसिंगचं सामान घ्यायला असतात. म्हणजे कपात वीजबिलावर झाली आणि बसली पेशंटच्या ड्रेसिंगवर. रुग्णवाहिकेच्या डिझेलचं तसंच, पंपवाला उधारीवर किती महिने देणार, शेवटी गाडी उभी राहते आणि नातेवाईक खासगी जीप करतात.

मोठ्या हॉस्पिटलात हेच मोठ्या प्रमाणात होतं. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा नव्हता असं सरकारने सांगितलं, एकच एक कारण दाखवता येत नाही हेही मान्य. पण मुंबई हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा त्यांनी विचारलं ते हेच, की मंजूर पदं किती भरलेली किती, आरोग्याला तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती. लेखा शाखेतल्या माणसाला तो प्रश्न ऐकून बरं वाटलं, कारण बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

शाळेचं थोडक्यात. खासगी अनुदानित शाळेतली शिक्षक भरती 2 मे 2012 च्या जीआरने थांबली, मग शिक्षक भरतीचं ऑनलाईन पवित्र पोर्टल आलं, 2024 ला जिल्हा परिषद, महापालिका आणि खासगी शाळा मिळून 21 हजार 678 पदांची जाहिरात निघाली, तोपर्यंत मधली बरीच वर्षं गेली. शिपायाचं तर पदच संपलं. 11 डिसेंबर 2020 च्या जीआरने अनुदानित शाळेतला शिपाई रिटायर झाला की नवीन माणूस नाही, शाळेला ठोक शिपाई भत्ता, ग्रामीण भागात महिन्याला 5 हजार. पाच हजारात दिवसभर शाळा उघडायला, झाडायला, पाणी भरायला, संडास धुवायला कोण येतं? येतात ते अर्धा दिवस. मुलींचे संडास स्वच्छ राहत नाहीत, सहावी सातवीनंतर त्या मुली महिन्यातले काही दिवस शाळेत येत नाहीत, ही सगळी साखळी एका पदापासून निघते आणि बजेटच्या कुठल्याही पुस्तकात ती सापडणार नाही.

महसूलकडे बघा. एका तलाठ्याकडे, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, दोन दोन तीन तीन सज्जांचा, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्रांचा, चार्ज. एरवी फेरफार लांबतो, वारस नोंद लांबते, लोक चकरा मारतात आणि सहन करतात. पण 2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, शेतजमीन खरवडून गेली, ऑक्टोबरमध्ये सरकारने 31 हजार 628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पैसा जाहीर झाला तरी पंचनामा करायला माणूस लागतो ना, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक तिघं बांधावर गेल्याशिवाय यादी होत नाही. ज्याच्याकडे तीन गावं आहेत तो तिसऱ्या गावात किती दिवसांनी पोचेल? रिकाम्या खुर्चीची किंमत अशा वेळी शेतकरी चुकवतो, आणि पगारात जे वाचवलं ते तेव्हा कुणाला आठवत नाही.

कंत्राटीबद्दल पण विचारलंय बऱ्याच जणांनी. पद भरायचं नाही पण काम तर थांबवता येत नाही, मग मानधनावर किंवा एजन्सीमार्फत माणूस घेतात. सप्टेंबर 2023 ला नऊ एजन्सींमार्फत मनुष्यबळ घ्यायचा जीआर निघाला होता, पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. तो विशिष्ट जीआर रद्द झाला, कंत्राटी पद्धत नाही. लेखा दृष्टीने फरक कसा पडतो ते सांगतो. कायम माणसाचा पगार 01 वर पडतो, सेवार्थ या पगाराच्या ऑनलाईन प्रणालीतून बिल निघतं, सहसा थांबत नाही. कंत्राटी माणसाचे पैसे 10 कंत्राटी सेवा किंवा योजनेच्या अनुदानातून निघतात, आणि ते तर कात्रीच्या खालीच असतात. म्हणून तुम्हाला दिसतं की शेजारी बसून तेच काम करणाऱ्याचा पगार एक तारखेला होतो आणि कंत्राटी मुलीचं मानधन तीन महिने येत नाही. एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के देतं, दोघांपैकी एकाचा हप्ता लांबला की सगळ्यांचं लांबतं. ऑगस्ट 2025 ला एनएचएमचे कर्मचारी संपावर गेले ते समायोजनासाठी, म्हणजे कायम सेवेत सामावून घ्या म्हणून, दहा दहा वर्षं काम करून नियमित न झालेली ती माणसं आहेत. ज्यांनी कोविड वॉर्ड सांभाळला त्यांना घराचा हप्ता भरायला उसने मागावे लागतात, याचा मला फार राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. सरकारला वाटतं बचत झाली, पण माणूस सहा महिन्यांत सोडून जातो, नवीन येतो, त्याला पुन्हा शिकवावं लागतं, आणि एजन्सी असेल तर तिचं कमिशन आणि त्यावर जीएसटी वेगळा. काही ठिकाणी हिशेब मांडला तर वाचतं फारच थोडं.

आता पोरांना थेट उत्तर. भरती पूर्ण बंद होईल असं मला वाटत नाही, कारण रिटायर होणारे इतके आहेत की काही प्रमाणात भरावंच लागणार. पण मंत्र्यांच्या घोषणेवर जाऊ नका, 75 हजार पदांची असो की अजून काही, घोषणा आणि जाहिरात यात बरंच अंतर असतं. फाईल कुठे आहे ते बघा. विभागाचा सुधारित आकृतीबंध, म्हणजे कुठली किती पदं हवीत याचा आराखडा, मंजूर झालाय का, तो उच्चस्तरीय सचिव समितीतून आलाय का, वित्त विभागाची सहमती आहे का, बिंदूनामावली, म्हणजे आरक्षणानुसार जागांची यादी, मागासवर्ग कक्षाकडून तपासून झाली का, आणि भरती करणाऱ्या संस्थेकडे मागणीपत्र गेलं का. 31 ऑक्टोबर 2022 च्या जीआरमध्ये हे स्पष्ट होतं, ज्यांचा आकृतीबंध मंजूर त्यांना 100 टक्के पदं भरायची मुभा आणि ज्यांचा नाही त्यांना 80 टक्के, त्यातही वाहनचालक आणि गट ड वगळून. म्हणजे पैसा असूनही आकृतीबंधावर गाडी अडू शकते. आणि आकृतीबंध नव्याने करताना रिकामी पदंच आधी कमी होतात हे लक्षात ठेवा. वेतनाची तरतूद भरलेल्या पदांवर मांडली जाते, म्हणून जे पद खूप वर्षं रिकामं राहिलं त्याचा पैसाही बजेटमध्ये नसतो, ते परत जिवंत करायला सगळी मंजुरी नव्याने घ्यावी लागते.

नोकरीत असणाऱ्यांनी पगाराची भीती बाळगू नये, पण बिलं अडकतील, वैद्यकीय प्रतिपूर्ती, प्रवास भत्ता, फरकाचे हप्ते. सातव्या वेतन आयोगाचा फरकही पाच हप्त्यांत दिला होता. एसटीवाल्यांचं वेगळं आहे, महामंडळ असल्याने तिकीट सवलतीचे पैसे सरकारकडून वेळेत आले तर पगार वेळेत.

आणि गावातल्या लोकांना काही करता येतं का, तर येतं. माहिती अधिकारात 10 रुपयांत अर्ज टाका, दोनच गोष्टी मागा. एक, आपल्या पीएचसीत किंवा शाळेत संवर्गनिहाय (म्हणजे पदाच्या प्रकारानुसार) मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, रिक्त असल्यास कोणत्या दिनांकापासून. दुसरी, मागच्या तीन वर्षांत बाबनिहाय मंजूर तरतूद, बीम्सवर प्राप्त निधी, प्राप्त झाल्याचा दिनांक आणि खर्च. जिल्हा परिषदेच्या संस्थेचा बराच निधी अनुदान म्हणून येतो, तिथे बीम्सऐवजी 'प्राप्त अनुदान' असं लिहा. 'दिनांक' हा शब्द विसरू नका, कारण निधी 28 मार्चला आला की 28 जूनला यावर सगळं अवलंबून असतं. ते दोन कागद घेऊन ग्रामसभेत ठराव करा आणि ठरावाची प्रत आमदारांना द्या पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे बजेटनंतर जादा निधी मागायच्या, अधिवेशनाआधी, म्हणजे पावसाळी अधिवेशन असेल तर जूनमध्ये आणि नागपूरचं असेल तर नोव्हेंबरमध्ये. अधिवेशन संपल्यावर दिलेला कागद पुढच्या अधिवेशनापर्यंत पडून राहतो.